ज्याचे खिळे त्याचे पत्र

दर वर्षी ६ जानेवारीला आमच्या तालुक्याच्या गावी पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार, दोन-चार संपादकांना शाल-श्रीफळ आणि लेखणीच्या सामर्थ्यावर एक भाषण. लेखणीशी माझे वैर नाही. पण माझी उमेदीची वर्षे नगर जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्यात गेली, त्यामुळे हा इतिहास मला नेहमी अर्धाच सांगितल्यासारखा वाटतो. संपादकाने लिहिले, हे खरे. पण ते शिशात उभे कोणी केले, खिळे कोणाच्या मालकीचे होते, यंत्राचे कर्ज कोणाच्या डोक्यावर होते आणि सरकारी कागदावर सही कोणाची होती? हे प्रश्न विचारत मागे गेले की एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आमच्या छापखान्याचे मालक ती आपल्या भाषेत सांगत: ज्याचे खिळे त्याचे पत्र.

छापील वर्तमानपत्राचा जन्मच मुळी लेखकाच्या नव्हे, नकलाकाराच्या घरी झाला. आजच्या फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात योहान कारोलुस नावाचा गृहस्थ ठिकठिकाणच्या बातम्या मिळवून, त्यांच्या हाताने नकला करून, पैसेवाल्या वर्गणीदारांना पाठवत असे. १६०४ साली त्याने एक छापखाना विकत घेतला आणि १६०५ मध्ये त्याच बातम्या छापायला सुरुवात केली. नगरसभेकडे त्याने अर्ज केला, त्यात कारण दिले ते अगदी धंद्याचे: हाताने नकला करण्यात फार वेळ जातो. दुसऱ्या कोणी आपला मजकूर उचलून छापू नये, असे संरक्षणही त्याने मागितले. 'रेलात्सिओन' या त्याच्या पत्राला जगातले पहिले छापील वर्तमानपत्र मानतात. जगाला जागे करण्याची भाषा त्या अर्जात नाही. हात दुखलेल्या माणसाने यंत्र घेतले, एवढेच.

आपल्याकडेही हाताने लिहिलेल्या बातम्यांना तोटा नव्हता. मोगल दरबारात अखबारनवीस होते. पेशव्यांचे वकील दिल्लीहून, हैदराबादेहून, श्रीरंगपट्टणहून बातमीपत्रे धाडत. कोण कोणाला भेटले, फौज कुठे हलली, बाजारात धारण काय आहे, सगळे त्यांत असे. पण ती ज्याच्यासाठी लिहिली त्याच्या दफ्तरात जाऊन पडत. बातमी होती, बातमीदार होता, जासूद होता. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती अनोळखी माणसांना विकाव्यात, ही गरज मात्र दरबाराला कधी वाटली नाही.

हिंदुस्थानातले पहिले छापील वर्तमानपत्र काढले जेम्स ऑगस्टस हिकीने, कलकत्त्यात, २९ जानेवारी १७८० रोजी. हिकी संपादक होण्याआधी मुद्रक होता. जहाजाच्या व्यापारात बुडून तो कर्जापायी तुरुंगात गेला आणि तिथेच छपाईच्या उद्योगाला लागला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या भोवतालच्या मंडळींवर तो जहरी लिहू लागला तेव्हा कंपनी सरकारने आधी त्याचे पत्र टपालातून पाठवण्याची सोय बंद केली. मग त्याला खटल्यांत अडकवून तुरुंगात टाकले. गंमत अशी की तुरुंगातूनही अंक निघत राहिले. संपादक आत होता, पण छापखाना बाहेर होता. अखेर १७८२ मध्ये त्याचे खिळे आणि यंत्र जप्त झाले, आणि पत्र बंद पडले ते तेव्हा. माणूस कोंडून जे थांबले नाही ते शिसे उचलल्यावर थांबले. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत प्रत्येक सरकारने हा धडा नीट पाठ केलेला दिसतो.

मराठीची अडचण वेगळी होती. इथे जप्त करायलाही खिळे नव्हते. नाना फडणिसांच्या काळात पुण्यातल्या तांबट कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकवले गेले आणि ते काम पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने पूर्ण होऊन १८०५ मध्ये गीता छापली गेली. काम देखणे, पण पत्रा कोरला की तो त्या एका पानाचाच. गीतेला ते चालते, कारण गीता दर आठवड्याला बदलत नाही. बातमीला मोडून पुन्हा जुळवता येणारी अक्षरेच हवीत. ती त्याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे तयार होत होती. त्यांच्यातल्या विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांत छापले गेले. त्या छापखान्यातले खिळे घडवण्याचे काम पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराने आणि त्याच्या जावयाने, मनोहरने केले. मराठी छपाईच्या आरंभी एका बंगाली लोहाराचा हात आहे, हे पत्रकार दिनाच्या भाषणात मी आजवर ऐकलेले नाही.

मुंबईत हे ज्ञान आले अमेरिकन मिशनबरोबर. ही मंडळी १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि पुढच्या चार वर्षांत त्यांच्या छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला. सुरुवातीचे खिळे बंगालहून आणलेले होते. मग याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा मुलगा अक्षरे कापायला शिकला आणि त्याने मराठी डोळ्याला रुचेल असे वळण शिशात आणले. गणपत कृष्णाजी हेही तिथेच शिकलेले. त्यांनी १८३१ मध्ये स्वतःचा छापखाना काढला, शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. शाईत चरबी असते या समजुतीने अनेक सोवळी माणसे त्या काळी छापील कागदाला शिवत नसत. धर्मांतराच्या पत्रिका छापण्यासाठी आलेले यंत्र आणि त्यावर शिकलेल्या माणसाने छापलेले हिंदू पंचांग, अशी ही उलटापालट. ज्याच्या हाती कसब आले त्याने ते आपल्या कामाला जुंपले.

गुजराती लोक या बाबतीत आपल्या पुढे होते. फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थाने १८१२ मध्ये मुंबईत गुजराती छापखाना घातला आणि १ जुलै १८२२ रोजी 'मुंबई समाचार' सुरू केले. ते आजही निघते. आधी खिळे, मग पंचांग आणि पुस्तके, मग पत्र, असा त्याचा क्रम होता. म्हणून ते टिकले, असे माझे मत आहे.

जांभेकरांचे 'दर्पण' आले दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी. (त्याआधी १८२८ मध्ये 'मुंबापूर वर्तमान' निघाल्याचा उल्लेख सापडतो, अंक मात्र हाती नाहीत.) कोकणातल्या पोंभुर्ल्याहून आलेले बाळशास्त्री तेव्हा विशीत होते. अंकात शेजारी शेजारी दोन रकाने, एकात इंग्रजी, एकात मराठी. सुरुवातीला पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झाले. जुळाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे दोन रकाने म्हणजे दोन वेगवेगळी कामे. इंग्रजीची केस, म्हणजे खिळ्यांची घरे असलेली पेटी, लहान: मोठी आणि छोटी मिळून बावन्न अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संपले. शेजारच्या मराठी रकान्यासाठी मात्र खिळ्यांचा अख्खा संसार मांडायचा. सरकारी अधिकाऱ्यांना देशी लोकांचे मत कळावे आणि देशी लोकांना युरोपातली विद्या कळावी, यासाठी बाळशास्त्रींनी हा दुहेरी खर्च साडेआठ वर्षे सोसला. जाहिरातींचे पाठबळ नाही, वर्गणीदार काही शेच. १८४० मध्ये 'दर्पण' थांबले आणि त्याच वर्षी निव्वळ मराठीतले 'मुंबई अखबार' निघाले.

यानंतरच्या पिढीने खर्चावर एक तोड काढली, ती म्हणजे शिळाछाप. खिळे नकोतच. चांगल्या अक्षराचा लेखनिक खास तेलकट शाईने कागदावर मजकूर लिहितो, तो दगडावर उतरवायचा, दगड ओला करून शाई फिरवायची. पाणी रिकाम्या जागेवर बसते, शाई अक्षरांवर. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' (१८४१) आणि पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' (१८४९) असेच छापले जात. 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली आणि पुण्याच्या ब्राह्मणवर्गाला त्यांनी जे झोडपले ते हाताने लिहिलेल्या अक्षरांत लोकांसमोर गेले. भाऊ महाजनांचा छापखाना स्वतःचा होता, ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो. ती पत्रे छापणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणा मालकाची मर्जी सांभाळायची नव्हती. पण दगडालाही मर्यादा असते. प्रती वाढल्या की अक्षर झिजते, आणि एक ओळ बदलायची म्हटले तरी दगडाशी झटापट. वाचक शेकड्यांतून हजारांत गेले तेव्हा खिळ्यांकडे परतणे भागच पडले.

तोवर ते खिळे तयार करणारा मराठी माणूस उभा राहिला होता. जावजी दादाजी चौधरी हे मिशनच्या छापखान्यात लहान वयात खिळे घासण्याच्या कामाला लागले. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. त्यांच्या अक्षरांचे मूळ ठसे कापले ते राणोजी रावजी आरू यांनी. पोलादाच्या छोट्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यात ठोकायचे आणि त्या साच्यात शिसे ओतायचे. आरूंच्या हाताचे वळण इतके स्वच्छ की निर्णयसागरचा टाइप देशभर नावाजला गेला. आज आपण ज्याला छापील मराठी अक्षर म्हणून ओळखतो त्याचा मोठा वारसा या एका कारागिराकडे जातो. त्यांच्या नावाचा पुरस्कार असल्याचे मी ऐकलेले नाही.

खिळे जुळवणे म्हणजे नेमके काय, हे आता सांगावेच लागेल, कारण ते पाहिलेली माणसे कमी होत चालली आहेत. आमच्याकडे मराठीच्या केसांत मिळून चारशेहून जास्त घरे होती. प्रत्येक अक्षर, अर्धे अक्षर, जोडाक्षर, रफार, वेलांट्या, मात्रा, सगळे वेगळे. जुन्या मुंबई पद्धतीत तर एका ओळीचे तीन थर जुळवावे लागत: मात्रा-अनुस्वारांचा वर, अक्षरांचा मध्ये, उकारांचा खाली. आमच्या वेळी अक्षराला जोडून पाडलेले खिळे आले होते, तरी वेलांटीचे टोक मोडले की 'की'चा 'का' व्हायचा. डाव्या हातात स्टिक धरायची, उजवा हात केसवर, डोळे कागदावर. बोटांना घरे पाठ असत. ओळी गॅलीत, गॅलीचे प्रूफ, दुरुस्त्या, मग चेसमध्ये फर्मा आवळायचा. छपाई झाली की सगळे मोडून एकेक खिळा परत आपल्या घरात. हे परत टाकण्याचे काम नव्या पोराला देत. शिशावर उतारा म्हणून केळी आणि गूळ मिळे.

खिळे मोजके असत, आणि त्याचा परिणाम थेट मजकुरावर होई. बाजार समितीच्या निवडणुकीत निम्मे उमेदवार पाटील निघाले की मोठ्या टाइपातले 'पा' आणि 'टी' मथळ्यातच संपत. मग संपादक वरून ओरडत, "अहो, त्यांना अण्णासाहेब करा!" आणि मथळ्यात आडनावाऐवजी अण्णासाहेब यायचे. वाचकांना वाटे, संपादकांची त्यांच्याशी जवळीक दिसते. 'ज्ञ' जपून वापरायचा, म्हणून 'शिक्षणतज्ज्ञ' शक्यतो 'नामवंत शिक्षक' होई. शैली म्हणून ज्याचे कौतुक होते त्यातले किती केसच्या घरांनी ठरवले, हे मला तरी विचारू नका.

आता कायद्याकडे येऊ, कारण सरकारला ही सगळी यंत्रणा आमच्याइतकीच ठाऊक होती. १८६७ च्या २५ व्या कायद्याने छापखाना ठेवणाऱ्याला, मुद्रकाला आणि प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करणे बंधनकारक झाले. प्रत्येक पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणेही आले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात 'हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' अशी जी ओळ असते, ती या कायद्याची. वाचक ती वाचत नाही. पोलीस मात्र सगळ्यात आधी तीच वाचतो. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा आणला. त्यात मुद्रक आणि प्रकाशकाकडून जामीन घेण्याची, मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास छापखान्याचे सामान जप्त करण्याची तरतूद होती. हिकीच्या बाबतीत जे एकदा केले ते आता कलमात बसवले गेले. लॉर्ड रिपनच्या काळात तो रद्द झाला, पण सवय गेली नाही. १९१० च्या कायद्याने पुन्हा छापखानेवाल्यांकडून रोख अनामत मागितली, पाचशे रुपयांपासून पुढे.

'केसरी' निघाला तो ४ जानेवारी १८८१ रोजी, लिटनच्या कायद्याच्या छायेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी पत्राच्या आधी छापखान्याची जमवाजमव केली. पुण्यात बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात आर्यभूषण छापखाना थाटला गेला. खिळ्यांच्या केसा टिळकांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावरून वाड्यात वाहून नेल्या, ही आठवण टिळकांच्या चरित्रांत येते. भरलेली केस उचललेल्या माणसाला त्या आठवणीचे वजन कळते. ती उचलून चालताना एक जरी ठेच लागली तर चारशे घरांचे खिळे एकमेकांत मिसळतात आणि ते निवडायला दिवस जातात. पुढे मतभेद झाले, वाटण्या झाल्या. 'केसरी' आणि 'मराठा' टिळकांकडे आले, आर्यभूषण छापखाना दुसऱ्या भागीदारांकडे गेला. १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात दोन माणसे होती. एक बाळ गंगाधर टिळक. दुसरे केशव महादेव बाळ, मुद्रक. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, बाळ सुटले. त्या खटल्यावर ढीगभर लिहिले गेले आहे. बाळांबद्दल बहुधा एक ओळ असते, तीही नाव सांगण्यापुरती. स्वतः एक शब्द न लिहिता राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे राहावे लागणे काय असते, हे कोणी त्यांना विचारून ठेवायला हवे होते. टिळकांनी मात्र धडा घेतला. नंतर गायकवाडवाड्यात 'केसरी'चे बिऱ्हाड आणि छापखाना एकत्र नांदला.

ज्यांच्यासाठी कोणाच्याच छापखान्याचे दार सहज उघडत नव्हते, त्यांच्या इतिहासात तर ही गोष्ट आणखी ठळक दिसते. सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. शेतकरी आणि कारागिरांची बाजू मांडणाऱ्या पत्राला वर्गणी भरणारे वाचक कमी, कारण वाचता येणारेच कमी. तीनेक वर्षांत ते अडचणीत आले. मग नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईहून पुन्हा चालू केले आणि गिरणी कामगारांचे प्रश्न त्यात आले. पुढे वासुदेवराव बिर्जे आणि त्यांच्या निधनानंतर १९०६ पासून तानुबाई बिर्जे यांनी ते चालवले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव दत्तक गेले ते आमच्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या तरवडीला. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' काढले आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ ते या खेडेगावातून चालवले. रस्ता धड नाही, टपाल वेळेवर नाही, आणि तरीही साप्ताहिक. शहराच्या छापखान्यावर अवलंबून राहिले असते तर ते इतके जगले नसते. आमचे जुने मशीनमन तरवडीचे नाव घेताना आवाज जरा वाढवत, जणू आपल्याच घरातले कोणी कलेक्टर झाले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. ज्या पत्राचे खिळे चार दशकांपूर्वी खांद्यावरून वाहून आणले, सरकारपुढे जे नमले नाही, त्याच पत्राच्या दाराशी दुसऱ्याचा आवाज असा अडला. मालकीची दुसरी बाजू ही अशी असते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केले तेव्हा बहुतेक रकाने ते स्वतःच लिहीत, आणि स्वतःच्या मालकीच्या छापखान्यासाठीही त्यांनी तेवढीच धडपड केली. भारत भूषण छापखाना उभा राहिला तो त्यातून. लोकांकडून निधी मागून यंत्र घेण्यामागचा त्यांचा हिशेब मला अगदी उघड वाटतो. लिहिणारा कितीही मोठा असला तरी छापू की नको हे ठरवणारा दुसरा असेल, तर लिहिणाऱ्याचा अर्धा वेळ मिनतवारीत जातो.

विसाव्या शतकात खिळे कमी करण्याचे प्रयत्न जोरात सुरू झाले. टिळकांनी स्वतः देवनागरी टाइपांची संख्या घटवण्याच्या कामात लक्ष घातले होते. सावरकरांनी 'अ'ला वेलांट्या, उकार लावून 'अि', 'अु' लिहिण्याची बाराखडी सुचवली आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती चालवलीही. हरी गोविल यांनी अमेरिकेत लायनोटाइप यंत्रावर देवनागरी बसवली. म्हणजे जुळाऱ्याची चारशे घरे एका कळफलकात कोंबायची. १ जानेवारी १९३२ रोजी नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' काढला तो या वेगाच्या काळात. संपादकीयापेक्षा बातमी मोठी, गल्लीबोळातली बातमीसुद्धा, आणि ती रोज सकाळी. असले पत्र हातजुळणीच्या साप्ताहिकासारखे रमतगमत चालूच शकत नाही. वेगाला मोठे यंत्र लागते, मोठ्या यंत्राला मोठे भांडवल. इथून पत्र काढणे ही चार मित्रांच्या खांद्याला पेलणारी गोष्ट राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतरही सत्तेने छापखान्याकडेच पाहिले. वर्तमानपत्री कागदाचा कोटा आणि पानांची मर्यादा सरकार ठरवू लागले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा पानांची ती मर्यादा बेकायदा ठरवली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरची वीज तोडण्यात आली, कारण मोठ्या पत्रांचे छापखाने तिथे होते. संपादकांना पकडण्याच्या आधी यंत्रे थांबवली. आमच्या गावात वीज तशीही रोजच जायची, त्यामुळे आम्हाला वेगळे काही करावे लागले नाही. पण तपासणीला येणारा माणूस मजकूर वाचण्याआधी छापखान्याचे प्रतिज्ञापत्र मागे, आणि ते दाखवताना मालकांचा हात थरथरे. संपादक त्या दिवशी बहुतेक वेळा गावाला गेलेले असत.

मग ऑफसेट आले, त्याच्या मागून संगणक. पुण्यात सी-डॅकने आणि खाजगी कंपन्यांनी मराठी अक्षरे संगणकावर आणली आणि नव्वदीच्या दशकात आमच्या केसा किलोच्या भावाने गेल्या. शिशाला भाव चांगला आला, जुळाऱ्यांना नाही. काहीजण टायपिंग शिकले, काहींनी लग्नपत्रिकांचे दुकान टाकले. मी प्रुफे वाचू लागलो. याबद्दल मला उसासे टाकायचे नाहीत. कंबर, डोळे आणि फुप्फुसे यांचा विचार केला तर ते काम संपले हे बरेच झाले. आज खेड्यातली मुलगी टेबलावर एकटी बसून चार पानांचे साप्ताहिक लावते, तिला 'पा' कमी पडत नाही.

१८६७ चा तो कायदा १ मार्च २०२४ पासून इतिहासजमा झाला. नव्या कायद्यात छापखान्याच्या मालकाने दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन करायचे जुने प्रतिज्ञापत्र उरलेले नाही. बातमी वाचून आमच्या मालकांच्या नातवाने मला फोन केला आणि विचारले, "म्हणजे आता छापखानेवाले मोकळे झाले ना, काका?" मी म्हटले, मोकळे झाले खरे, पण का झाले ते बघ. हिकीपासून आणीबाणीपर्यंत सत्तेने ज्याचा गळा धरला त्याच्याच हाती पत्राचे जगणे-मरणे होते. आता तो सोडला आहे, कारण शाई आणि कागद हे पत्राचे नाक राहिलेले नाही. आजची बातमी ज्या कंपन्यांच्या पडद्यावरून आणि तारांतून वाचकाकडे जाते, त्यांच्या मालकीत मराठी पत्रकाराचा खिळ्याएवढाही वाटा नाही. पोंभुर्ल्याच्या तरुणाने, तरवडीच्या पाटलाने आणि बाबासाहेबांनी आपापल्या काळात पत्र कोणाच्या जिवावर चालवायचे हा प्रश्न आधी सोडवला आणि मग लेखणी उचलली. आजच्या संपादकांचे सत्कार जरूर करा. फक्त त्यांना एवढे विचारा, की उद्या कोणी एक बटण दाबले तर परवाचा अंक ते कुठून काढणार आहेत.